तूप एका दिवशी, भात दुसऱ्या दिवशी

रविवारी दुपारी साडेबारा वाजता मी तांदूळ मोजत होते. इंद्रायणी, काट्यावर ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत. आकडा 61 वर थांबला, तशी मी चिमूटभर तांदूळ उचलून परत डब्यात टाकले. 60. ओट्याशी कोथिंबीर निवडत उभ्या असलेल्या सासूबाई हे सगळं बघत होत्या. "आमच्याकडे सोनार पण इतका चिकट नव्हता," एवढंच म्हणाल्या.

खरी गंमत पानावर झाली. वाफाळत्या भाताची मूद, त्यावर वरण, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात तुपाच्या भांड्याकडे गेला. मी घाईघाईने पानावर हात आडवा धरला. नको, आज तूप नको. त्यांनी पळी तशीच हवेत धरली. "आठवडाभर भाकरी सोडून तूप खातेस. डब्यात तूप, अंड्यात तूप, कॉफीतसुद्धा तूप घालून प्यायलीस त्या दिवशी. आणि आज कधी नव्हे तो भात घेतलास, तर तूप नको?"

मी करत होते ते सायक्लिकल कीटो: आठवड्याचे बहुतेक दिवस कार्ब, म्हणजे भात-भाकरी-साखर, जवळपास बंद आणि भरपूर फॅट, मग एक-दोन दिवस उलट. हे काय असतं ते इंटरनेटवर मी पंधरा ठिकाणी वाचलं होतं. पण या पद्धतीत अवघड काय आहे, ते सासूबाईंनी एका वाक्यात पकडलं. तूप आणि भात दोन्ही चालतं. फक्त एका पानात नाही. आणि आपल्या स्वयंपाकातलं जे जे म्हणून जिवाला गोड लागतं, ते या दोघांना एका पानात आणूनच झालेलं आहे.

मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. वय 48. दीड वर्षापूर्वी तपासणीत एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, 6.1 आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन 68. वडिलांना मधुमेह होता, त्यांच्या पायाच्या जखमा मी धुतल्या आहेत, त्यामुळे त्या आकड्याकडे बघून "चालतं गं, सगळ्यांना असतं" असं मला म्हणता आलं नाही. खरं म्हणजे सगळ्यांनाच असतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 मध्ये आलेल्या अहवालात देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि उंबरठ्यावरचे त्याहूनही जास्त. गर्दीत उभं असल्याचा दिलासा काही मला मिळाला नाही.

पुण्यात राहून डाएट न केलेला माणूस सापडणं कठीण. 2018 च्या सुमारास आमच्या ऑफिसात दोन पक्ष पडले होते: डॉ. दीक्षितांचे, दिवसात दोनदाच आणि 55 मिनिटांत जेवा म्हणणारे, आणि ऋजुता दिवेकरांचे, तूपभात निर्धास्त खा म्हणणारे. मी दोन्हीकडे थोडी थोडी राहून आले. या वेळी कीटोकडे वळले ते केवळ त्यात आकडे होते म्हणून. हिशेबाच्या माणसाला उपदेश पचत नाही, रकाने पचतात.

तर रकाने असे. प्रोटीनच्या एका ग्रॅमला 4 कॅलरी, कार्बच्या एका ग्रॅमला 4, फॅटच्या 9. माझं दिवसाचं अंदाजपत्रक 1600 च्या आसपास. कीटोच्या दिवशी कार्ब 25 ग्रॅम, प्रोटीन 80, फॅट 130. गुणाकार करून बेरीज घ्या, 1590 येते. तीन-चतुर्थांश ऊर्जा नुसत्या फॅटमधून. भाताच्या दिवशी कार्ब 260, प्रोटीन तेच 80, आणि फॅट एकदम 30 वर. बेरीज 1630. म्हणजे एकूण रक्कम जवळपास तीच राहते, पैसा फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो.

यामागची यंत्रणा मला कळली ती अशी. शरीरात ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो: यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंमध्ये 400 च्या घरात. कार्ब बंद केले की एक-दोन दिवसांत यकृताचा डबा रिकामा होतो, इन्सुलिन खाली येतं, आणि यकृत चरबीपासून कीटोन बनवायला लागतं. मेंदूला दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. कीटोन पुरेसे झाले की त्यातला मोठा वाटा ते उचलतात. मग आठवड्यातून एक-दोन दिवस कार्ब द्यायचे, ते आधी त्या रिकाम्या डब्यांत भरले जातात. पण त्याच दिवशी वरून तूप ओतलं तर? शरीर आधी कार्ब जाळतं. इन्सुलिन वर असतं, फॅटला कोणी विचारत नाही, ते गुपचूप साठवणीच्या खोलीत जाऊन बसतं. म्हणून ती पळी हवेत अडवावी लागते.

हे सगळं मुळात वजनासाठी निघालेलं नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि जरा चपापायला झालं. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट येणाऱ्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला आणि त्याला कीटोजेनिक हे नाव दिलं. उपाशी ठेवलं की फिट कमी होतात हे माहीत होतं. पण पोराला किती दिवस उपाशी ठेवणार? तर उपाशी न ठेवता शरीराला उपाशी असल्याचं भासवायचं. फॅट चार भाग, आणि प्रोटीन-कार्ब मिळून एक भाग. प्रोटीन मुलाच्या वाढीला पुरेल इतकंच, वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास. 1938 मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं आणि तराजू मागे पडला. गोळी देणं केव्हाही सोपं. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी तो आहार आजही डॉक्टर देतात. त्या आया ग्रॅममध्ये लोणी मोजत असतील ते लेकराच्या फिट थांबाव्यात म्हणून. मी मोजते ते पंजाबी ड्रेस घट्ट होतो म्हणून. आठवड्यातून एकदा कार्ब भरण्याची कल्पना तर आणखी पुढची, शरीरसौष्ठववाल्यांची. व्यायाम करकरून त्यांचे स्नायू रिकामे होत, ते परत भरायला ही सोय. पतसंस्थेत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बाईचे स्नायू शुक्रवारपर्यंत किती रिकामे झालेले असणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. विचारला नाही.

पहिल्या आठवड्यात वजन सव्वादोन किलोंनी उतरलं आणि मी हवेत गेले. मैत्रिणींना फोन झाले. पुढे कळलं की ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो. साठा गेला, पाणी गेलं. ते दोन किलो चरबीचे नव्हतेच. सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहिलं की याच्या उलट घडतं: रविवारचा भात आपल्याबरोबर पाणी घेऊन आलेला असतो, आणि आकडा सव्वा किलो वर. सुरुवातीचे दोन-तीन सोमवार मी रडकुंडीला आले होते. आता सोमवारी काट्यावर उभीच राहत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पायांत गोळे यायला लागले. रात्री दोन वाजता पोटरी धरून पलंगावर बसलेली मी, आणि शेजारी नवरा, "अगं खा की भाकरी!" इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंड मीठ जास्त बाहेर टाकतं. डोकं दुखणं, गळून जाणं, गोळे, यातलं बरंचसं त्या मिठाचंच. रक्तदाब माझा कमीकडे झुकणारा, त्यामुळे डॉक्टरांनी मीठ वाढवायला हरकत घेतली नाही. बीपीच्या गोळ्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. दुपारच्या पातळ ताकात मीठ नि जिरेपूड दुप्पट घातली आणि चार दिवसांत गोळे थांबले.

लघवीत बुडवायच्या पट्ट्यांचाही एक अध्याय झाला. फिकट रंग म्हणजे कीटोन नाहीत, वांगी रंग म्हणजे भरपूर. मी ती बाटली बाथरूमच्या कपाटात शॅम्पूमागे ठेवली होती. नवऱ्याला सापडली. तो ती हातात घेऊन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घरात पट्टी सापडली की माणसाच्या मनात पहिला विचार काय येतो ते आम्हाला दोघांनाही त्या दिवशी कळलं.

पण हे सगळं आपोआप निभावतं. निभावत नाही ते प्रोटीन.

फॅट आणि कार्ब यांची भांडणं सगळ्यांना दिसतात. प्रोटीन हे घरातल्या त्या माणसासारखं, ज्याला दोन्ही दिवशी तेवढंच द्यायचं असतं आणि नेमकं त्यालाच वाढायचं राहून जातं. कीटो म्हणजे भरपूर मटण-चिकन असा समज आहे, तसं नाही. प्रोटीन फार वाढवलं तर यकृत त्यातल्या काही भागापासून ग्लुकोज बनवू शकतं, इन्सुलिनही थोडं हलतं. कमी पडलं तर वजनाबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेला स्नायू परत मिळवणं म्हणजे बुडीत कर्जाची वसुली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं. वजन उतरवताना त्याहून जास्त लागतं, म्हणून माझे 80.

सुरुवातीच्या आठवड्यात मी माझं नेहमीचं ताट लिहून काढलं: दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, भात. वाटीभर आमच्या घरच्या वरणात डाळ मुठीएवढीही नसते. 25-30 ग्रॅम डाळ, म्हणजे 6 ग्रॅम प्रोटीन. आयुष्यभर मी समजत होते की वरण खाते म्हणजे प्रोटीन खाते. आणि डाळ वाढवावी म्हटलं तर तुरीच्या 100 ग्रॅममध्ये 22 ग्रॅम प्रोटीनमागे 60 ग्रॅमच्या आसपास कार्ब. जावयाबरोबर त्याचे बारा पाहुणे. म्हणून कीटोच्या दिवशी डाळ बंद, आणि रविवारी मात्र घट्ट वरण, पळी उभी राहील असं.

माझं माहेर कोल्हापूर, सासर पुण्याचं. बुधवार, शुक्रवार, रविवार सोडून या घरात अभक्ष्य शिजत नाही. अंडी मात्र सासूबाईंनी नातवाच्या निमित्ताने कधीच चालवून घेतली आहेत. त्यामुळे माझे 80 ग्रॅम वारांवर अवलंबून. बुधवारचं पान असं: सकाळी तुपात परतलेली तीन अंडी, 18. डब्यात दीडशे ग्रॅम पनीर आणि पालक, 27. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, 8. रात्री दोन मध्यम बांगडे नारळाच्या वाटणात, 28. झाले 81. फॅटचं तर विचारूच नका, अंडी-पनीर-बांगडा-दाणे यांतच 85 भरतं, उरलेलं तूप आणि खोबरं. शुक्रवारी मटण असेल तर पांढरा रस्सा. खसखस, काजू, नारळाचं दूध, मटणाचं पाणी. काजूचा हात जरा आखडता घेतला की हा रस्सा कीटोत चपखल बसतो. भाताशिवाय नुसत्या वाटीने पांढरा रस्सा पिताना मला, खरं सांगते, डाएट करतेय असं कधी वाटलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ह्यात डाएट कुठलं आलं, ही तर चैन."

शेंगदाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. वजनाने निम्मं तेल, पाव प्रोटीन, कार्ब थोडे. आमच्या कूट-संस्कृतीला इतकं अनुकूल दुसरं काही नाही. मेथीच्या भाजीत कूट, काकडीच्या खमंगात कूट, भरल्या वांग्यात कूट. पण हाच दाणा साबुदाण्याला भेटला की खिचडी होते, आणि साबुदाणा म्हणजे 100 ग्रॅममध्ये 85 च्या वर कार्ब, प्रोटीन नावालाही नाही. वर तुपाची फोडणी आणि बटाटा. कार्ब आणि फॅट यांचं इतकं थाटाचं लग्न दुसरीकडे बघायला मिळणार नाही, आणि त्याला आपण उपास म्हणतो. एकादशी दुप्पट खाशी म्हणणारा जो कोणी होता त्याच्याकडे माझ्याआधी काटा होता.

श्रावणात माझी पंचाईत झाली. महिनाभर मासे नाहीत, मटण नाही, अंडीही नाहीत. पनीर आणि पनीर आणि पनीर. तिसऱ्या आठवड्यात फडक्यात टांगलेल्या दह्याने वाचवलं. चक्का. श्रीखंडासाठी सासूबाईंनी घरी बांधलेला, त्यातला साखर पडायच्या आत मी वाटीभर काढून घेतला. मीठ, जिरं, ठेचलेली हिरवी मिरची, वर फोडणी. साखरेच्या वाटेवरून परत आणलेला चक्का काय चवीचा असतो ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही.

चार महिन्यांनी मी एक दिवस कीर्द उघडून बसले तसा हा हिशेब उघडला आणि तेव्हा चूक सापडली. मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस कार्ब घेत होते. सोमवार-मंगळवार पुन्हा कीटोनपर्यंत पोचण्यात जायचे, पट्टी बुधवारी रंग दाखवायची. म्हणजे सातातले जेमतेम तीन दिवस मी खरी कीटोत. बाकी दोन दिवस भात आणि दोन दिवस भाताची वजाबाकी. याला कीटो म्हणणं म्हणजे व्याजालाच मुद्दल समजणं. शनिवार काढून टाकला. आणि रविवारचा भात कमवायचा ठरवला.

म्हणून रविवारी पहाटे सिंहगड. आतकरवाडीतून चढायला मला दीड तास लागतो. कॉलेजची पोरं आम्हाला हसत हसत मागे टाकून जातात. वर पोचेपर्यंत पाय लटपटत असतात, म्हणजे डबे रिकामे होताहेत असं मी समजते. आणि वर काय? चुलीवरची भाकरी, पिठलं, मडक्यातलं दही, आणि कढईत तळली जाणारी कांदाभजी. कांदाभजीचा वास गडावर धुक्यातून येतो तेव्हा माणसाने कुठल्या रकान्यात बघायचं? पहिल्या रविवारी मी दोन प्लेट खाल्ल्या. बेसन, कांदा आणि तेल: कार्बच्या दिवशी फॅट, नेमकं जे करायचं नाही ते. आता भाकरी दोन घेते, पिठलं घेते, दही घेते, भाकरीवरचा लोण्याचा गोळा मैत्रिणीच्या पानात सरकवते. भजी तिच्याच प्लेटमधली एक. एकच. कधी दोन.

या सगळ्याने काय झालं? वजन 62 वर आलं आणि तिथेच बसलं आहे. एचबीए1सी 5.7. पण एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, 118 चं 149 झालं, हेही लिहायला हवं, नाहीतर हा नुसता जमेचाच रकाना होईल. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. पनीर आणि तूप कमी करून दाणे, तीळ, मासे आणि शेंगदाण्याचं तेल यांवर फॅट हलवलं आहे; पुढची तपासणी दिवाळीनंतर. भात-दिवसाचा मला वेगळा काही फायदा झाला की नुसतं कमी खाल्ल्याने हे सगळं झालं, हे छातीठोक सांगायचं धाडस मी करणार नाही. रविवारच्या भाताने एक मात्र नक्की केलं: उरलेले सहा दिवस निभावले.

नणंदेने फोनवर सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू करायला निघाली. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं आणि ते बरं झालं. तिच्या गोळ्यांतली एक लघवीतून साखर बाहेर टाकणारी. तशा गोळीवर असताना कार्ब तोडले तर रक्तातली साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्त आम्लधर्मी होऊन जीवावर बेतू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं उलट, साखर एकदम खाली येते. डॉक्टरांनी तिला स्पष्ट नाही म्हटलं. ती चार दिवस माझ्यावर रुसली.

गेल्या होळीचं सांगते. होळी आली मधल्या वारी. पुरणपोळी म्हणजे हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक. मी आठवडाभर आधी रविवारचा भात रद्द करून कार्बचा दिवस होळीवर ढकलला, पतसंस्थेत सुट्टी पुढेमागे करतो तसा. डायरीत दोन पोळ्या, कटाची आमटी, भात नाही, फॅट 30 च्या आत, असं सगळं मांडून ठेवलं. पानावर बसले. सासूबाईंनी गरम पोळी वाढली आणि मागोमाग तुपाची पळी. मी हात आडवा घातला. या वेळी पळी हवेत थांबली नाही, माझ्या बोटांच्या फटीतून तूप पोळीवर गेलंच.

"किती झालं हे तुझ्या हिशेबाने?"

"पंधरा ग्रॅम."

"मग उद्याच्या अंड्यांतून वळतं करून घे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

तसं वळतं करता येत नाही. त्या दिवसाचं तूप त्या दिवशीच खर्ची पडतं. पण पोळी गरम होती. रात्री डायरीत लिहिलं: तूप, 15 ग्रॅम, होळी खाते नावे.